साठ किलोची स्प्रिंग

मढच्या रस्त्यावर रोज सायकल चालवून कंबर शाबूत राहिली तर तो चमत्कारच म्हणायचा. माझी बायको क्लॅरिस घरापासून जेट्टीपर्यंत सायकलने जायची आणि तिथून बोटीने वर्सोव्याला, एका शिवणकामाच्या दुकानात. जूनमध्ये तिची कंबर दुखायला लागली. मी म्हणालो, दोष खड्ड्यांचा. माझं असंच आहे. दोष कुणाचा ते मी आधी ठरवतो आणि मग बघायला जातो.

कारखाना बंद झाल्यापासून मी घरीच होतो, चिडचिड करत. साकीनाक्याच्या भंगारात पुढेमागे सस्पेन्शन असलेली एक जुनी फ्रेम दिसली. टॉवरमधल्या कुणा पोराची हौस फिटलेली असणार. ठरवलं, हिला मोटर लावून क्लॅरिसला द्यायची. नवी इलेक्ट्रिक सायकल आमच्या आवाक्याबाहेर होती, आणि हातात कसब असताना विकत घ्यायची तरी कशाला?

अशा फ्रेमच्या मधोमध शॉक, म्हणजे धक्के झेलणारा स्प्रिंगचा दांडा असतो, बॅटरीला जागाच नाही. ती पिशवीत घालून हँडलला टांगायचं ठरवलं. मागच्या चाकातल्या मोटरची वायर मी सायकल स्टँडवर असताना मापली होती. क्लॅरिस बसली, फ्रेम खाली दबली आणि वायर ताणून तुटली. तीस वर्षं फिटर होतो म्हणून गावभर मिरवतो आणि ही अक्कल! ती पोट धरून हसली. मलाही हसू आलं.

शॉकची स्प्रिंग गंजली होती. साकीनाक्याला चंद्रप्रकाश स्प्रिंगा वळतो, माझ्याच वयाचा. त्याच्याकडून क्लॅरिसच्या वजनाची, साठ किलोच्या माणसाला चालेल अशी करून घेतली. ती बसवायची रीत सोपी आहे. शॉकच्या दांड्यावर रबराची रिंग सरकवायची, माणूस बसवायचा, उतरवायचा आणि रिंग किती सरकली ते पाहायचं. दांड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत सरकली की माप बरोबर. जुलैत क्लॅरिस बसली तेव्हा माप बरोब्बर आलं.

मग जुने सेल जमवून बॅटरी बांधण्यात दोन महिने गेले. दर रविवारी चर्चमधली मिसा झाली की मी तिला सायकलवर बसवायचो. रिंग दर वेळी थोडी कमी सरकायची. मी स्प्रिंग सैल करत गेलो. ऑक्टोबरात आणखी सैल करायला जागाच उरली नाही, आणि रिंग जेमतेम हलली. मी चंद्रप्रकाशच्या नावाने बोटं मोडली. क्लॅरिस उतरली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी स्प्रिंग त्याच्या टेबलावर आपटली आणि तोंडाला येईल ते बोललो. त्याने ती वजनकाट्यावर उभी केली आणि वरून दाबून दाखवली. स्प्रिंग ठीक होती. नाचता येईना अंगण वाकडं, असं तो हसत म्हणाला. मग त्याने विचारलं, "वहिनींचं वजन कधी केलंस शेवटचं?"

बोटीत बसून मी विचार करत राहिलो. रोज रात्री तिची मशीन चालायची. दुकानाच्या ऑर्डरी आहेत, असं ती सांगायची. ती स्वतःचे कपडे आत घेत होती. प्रत्येक झगा तिला नीट बसत होता, म्हणून मला काही दिसलं नाही. सुताएवढा फरक बोटाने ओळखणारा मी, आणि घरातलं माणूस निम्मं होत आलं तरी मला पत्ता नाही. मला स्वतःची लाज वाटली.

घरी येऊन तिला विचारलं. तिला ऑगस्टपासून माहीत होतं. पोटात गाठ होती, कंबर त्यानेच दुखत होती. डॉक्टरकडे ती एकटीच जाऊन आली होती. मी ओरडलो, का नाही सांगितलंस?

"किती वर्षांनी तू काम करताना शिट्टी वाजवत होतास," ती म्हणाली. "ते थांबवायचं माझ्या जिवावर आलं रे."

मग हॉस्पिटलच्या खेपा सुरू झाल्या. उशीर झालाय, असं तिथे सांगितलं. एका संध्याकाळी ती म्हणाली, चाळीस किलोची स्प्रिंग आण. मी म्हटलं, आणणार नाही, तू बरी झालीस की साठचीच लागणार आहे.

"बेसिल," ती म्हणाली, "मी आत्ता आहे तेवढीच धर ना."

चंद्रप्रकाशने तासाभरात स्प्रिंग वळून दिली. रिंग बरोबर चौथ्या हिश्शावर आली. बरोबर आलेलं माप मला आयुष्यात पहिल्यांदा नकोसं झालं. क्लॅरिस मोटरवर जेट्टीपर्यंत जाऊन आली, मी मागे धापा टाकत धावलो. खड्डे लागतच नाहीत, म्हणाली. जानेवारीत ती गेली.

आमची मुलगी ट्रिशा अंधेरीला नोकरीला जाते. परवा ती सायकलवर बसली आणि आईच्या चाळीसच्या स्प्रिंगवर सायकल पार खाली बसली. डॅडी, स्प्रिंग बदलून दे ना, म्हणाली. साठची स्प्रिंग खणात आहे, दहा मिनिटांचं काम. मी पाना घेऊन बसलो, नटाला लावला, आणि फिरवता येईना. ही तुझ्या मापाची नाही, असं मी तिच्यावर खेकसलो. ती बिचारी पायीच जेट्टीवर गेली.

ती गेल्यावर मी स्वतः बसून पाहिलं. मागचं चाक सीटला जाऊन टेकलं. मी तसाच बसून रडलो.