जुळ्यांचे सज्ञानपण

बांधाच्या एका दाव्यापायी धरणगावच्या जीवरामनानांनी जळगावच्या न्यायालयाचे उंबरे इतकी वर्षे झिजवले होते, की शेतीपेक्षा कायदाच त्यांच्या अंगी अधिक मुरला होता. समोरच्याला एखादे कलम ऐकवल्यावाचून त्यांना अन्न पचत नसे. त्यांचे हे व्यसन त्यांच्या लेकीने, पुनमने, पुरते ओळखले होते.

तिला धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. नाना मात्र वसतिगृहाचे नावही काढू देत नव्हते, आणि रविवारी भडगावचे पाहुणे तिला पाहायला येणार होते. लेकीने विषय काढला, की नाना पंच्याने तोंड पुसून उठत. मुलाशी मात्र ते तासभर वाद घालीत. म्हणून तिच्या आणि जुळ्या भावाच्या, ललितच्या, अठराव्या वाढदिवशी तिने सकाळपासून त्याचेच कान भरले.

जेवताना ललितने तोफ डागली. "नाना, आजपासून मी सज्ञान. माझा मोबाइल तपासायचा नाही. कुठं चाललास, हेही विचारायचं नाही."

नानांना जणू मेजवानीच मिळाली. "मान्य! पण सज्ञान पुत्राला पोसण्याचं बंधन पित्यावर नाही. ललितची माय, त्याच्या पुढची शेवभाजी उचला."

"तुमना कायदा मन्ही चूलपाशी चालाव नही," म्हणत कमलबाईंनी ललितला आणखी एक भाकरी वाढली.

"मग माझंही ताट उचलायचं का, नाना?" पुनमने भाबडेपणाने विचारले. "मीही आजच अठराची झाले."

"छे! कन्येची गोष्ट निराळी. तिची स्वतःची कमाई नसेल, तर लग्न होईपर्यंत तिचा भार बापावर. अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण..."

"शिक्षणसुद्धा?"

"कायद्यात स्वच्छ म्हटलंय!"

"आणि तिनं राहायचं कुठं, लग्न करायचं कधी, हे बापच ठरवणार ना?"

"सज्ञान झाल्यावर बाप कोण ठरव..." नानांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे मला उपास आणि हिला धुळं!" ललित ओरडला.

"जिरनी का वकिली?" कमलबाई पदरात तोंड लपवून हसल्या.

हात धुऊन नानांनी भडगावला फोन लावला. आता रविवारचे पाहुणे उद्याच येणार, असे वाटून पुनम ताटावरून उठली. तोच नानांनी फोन तिच्याच हाती दिला.

"सज्ञान माणसाचा नकार बापानं का कळवावा? बोल!"

दिवसभर तिने सारे ठरवले होते. एवढे मात्र ठरवले नव्हते. पलीकडून जाडाभरडा आवाज आला, "कोण, पोरगी का? घरात कोणी मोठं माणूस नाही का गं?"

पुनमने एकदा नानांकडे पाहिले. ते मिशीत हसत होते.

"मीच बोलतेय, काका," ती म्हणाली.