वाडग्यातल्या न उघडलेल्या बाटल्या

मित्रांनो, फळं ठेवायचा लाकडी वाडगा तुम्ही पाहिला असेल. मी तसाच एक, आता म्हातारा झालेला. एका कातारी माणसाने मला अख्ख्या ओंडक्यातून कातून काढलं, तेल चोळून गुळगुळीत केलं आणि दुकानाच्या खिडकीत मांडलं. त्या खिडकीला काच बसवायला आलेल्या तरुणाने मला पाहिलं आणि आपल्या नव्या संसारासाठी घरी नेलं. गल्लीत पुढे सगळे त्यांना काचवाले काका म्हणू लागले.

काका उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा शर्ट घालत. जेवताना तेवढ्या बाह्या दुमडत, म्हणून मला त्यांचा उजवा हात दिसे. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा, लांब व्रण होता. तरुणपणी ते आणि त्यांचा थोरला भाऊ एका उंच इमारतीला मोठी काच बसवत असताना ती निसटली. भाऊ जागीच गेला, काकांचा हात चिरला. त्यांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मला हे काकूंकडून कळलं. त्या लेकीला सांगत होत्या.

काकू असेपर्यंत माझा थाट होता. संत्री, पेरू, लिंबं, काही ना काही माझ्यात असायचंच. काकू संत्र्याच्या फोडींवरचे पांढरे दोरेसुद्धा काढून काकांच्या ताटात ठेवत, आणि काका वर्तमानपत्रातून मान वर न करता त्या खात. पाहुणे माझं कौतुक करत. मग काकू गेल्या. शेवटची संत्री माझ्यातच सुकली, त्यांना हिरवी बुरशी आली. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताईंनी ती टाकून दिली. त्यानंतर माझ्यात किल्ल्या पडू लागल्या, रबरबँड पडू लागले.

लेक दूरच्या शहरात नोकरीला होती. फोनवर ती रोज विचारायची, फळं खाता ना? काका हो हो म्हणायचे. तिला ते खरं वाटत नसावं, कारण ती व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांच्या बाटल्या पाठवू लागली. काका त्या न उघडताच माझ्यात ठेवून देत. आजारी माणसाने गोळ्या घ्याव्यात, मला काय झालंय, असं ते पुटपुटत. मलाही त्या खुळखुळणाऱ्या बाटल्यांचा राग यायचा. जिथे संत्री बसायची, तिथे हे प्लास्टिक!

काका चहात पाव बुडवून खात. सकाळी तेच, रात्रीही तेच. असे बरेच महिने गेले. मग एके दिवशी पावावर लाल डाग उमटला. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. पायावर जांभळे डाग दिसू लागले, शेजारी शेजारी, कुणीतरी बोटं रुतवून धरल्यासारखे. नडगीवरचे केस स्प्रिंगसारखे वळले आणि प्रत्येकाच्या मुळाशी एक लाल ठिपका आला.

आणि एका दुपारी बाही दुमडताना काका थांबले. जुना पांढरा व्रण लाल झाला होता. पुढच्या काही दिवसांत तो मनगटाकडून उघडत गेला, शिवण उसवावी तसा. कुठे लागलं नव्हतं, खरचटलं नव्हतं. रक्ताचा एक थेंब सावकाश माझ्या काठावर पडला.

काका घाबरले नाहीत. त्यांनी बराच वेळ हाताकडे पाहिलं. मग समोरची खुर्ची जरा मागे ओढली आणि हळूच म्हणाले, "ये दादा. बस."

तेव्हापासून टेबलावर दोन कप येऊ लागले. काका रिकाम्या खुर्चीशी बोलत. तू पुढचं टोक धरायला नको होतंस, असं काहीबाही सांगत. मधेच गप्प होत, मान हलवत, जणू पलीकडून उत्तर येत होतं. दुसऱ्या कपावर साय धरे. एकदा मात्र त्या कपातला चहा मला कमी झालेला दिसला. लाकडाच्या नजरेवर किती भरवसा ठेवायचा, ते तुम्हीच ठरवा.

शिवणवाल्या ताईंनी तो दुसरा कप पाहिला आणि लेकीला बोलावून घेतलं. वडिलांचा हात बघून तिने पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. दवाखान्यात चला म्हणून तिने खूप विनवलं. काकांनी एवढंच सांगितलं, "दादा मला न्यायला आलाय गं. त्याला किती दिवस ताटकळत ठेवू?"

काकांना जिनाही उतरवत नव्हता. मग ती डॉक्टरीणबाईंनाच घरी घेऊन आली. बाईंनी हिरड्या पाहिल्या, पाय पाहिले, हात पाहिला आणि विचारलं की रोज काय खाता. काकांनी सांगितलं. लेक मधेच म्हणाली की व्हिटॅमिनच्या गोळ्या तर मी नेमाने पाठवते. बाईंनी माझ्यातली एकेक बाटली उचलून पाहिली. सगळ्यांची सीलं शाबूत होती.

"काका, जखम एकदा भरली की कायमची भरली, असं नसतं," बाई म्हणाल्या. "शरीर तिला आतून सतत शिवत असतं. त्याला लागणारा दोरा व्हिटॅमिन सीशिवाय तयार होत नाही. तुमचा दोरा संपलाय."

काकांनी खुर्चीकडे पाहिलं. "म्हणजे दादा नाही आला?"

बाईंनी एका बाटलीचं सील तोडलं आणि गोळी काकांच्या तळहातावर ठेवली.

लेकीने विचारलं की यापेक्षा फळं बरी नाहीत का. बाई म्हणाल्या, झाडावरचं असो की कारखान्यातलं, व्हिटॅमिन सी तेच. शरीर त्याचं गाव विचारत नाही. आत्ता ते भरपूर आणि लगेच हवं, म्हणून गोळी. नंतर रोज एखादा पेरू किंवा संत्रं, कारण त्यातून पोटाला इतरही पुष्कळ मिळतं. आणि मनानेच मूठमूठ गोळ्या खायच्या नाहीत, हेही त्यांनी बजावलं. मी मात्र खजील झालो. ज्यांचा मी दुस्वास केला, त्यांनीच माझ्या माणसाला वाचवलं.

थोड्याच दिवसांत हिरड्या शांत झाल्या. हळूहळू हातावरची जखम मिटली. खुर्चीवर मग कुणी आलं नाही. काका अधूनमधून तिकडे बघत. दादाशी एवढं बोलणं जन्मात झालं नव्हतं, असं एकदा ते लेकीला म्हणाले. आता ते स्वतः संत्रं सोलतात, दोऱ्यांसकट खातात, आणि अर्ध्या फोडी ताईंना देतात.

मित्रांनो, तुमच्याही गुडघ्यावर पडल्याची एखादी जुनी खूण असेल. तिच्यावरून हळूच बोट फिरवा. ती झोपलेली वाटते ना? आत कुणीतरी न थांबता शिवतंय. त्याला उपाशी ठेवू नका. आणि तुमच्या ओळखीत कुणी एकटं जेवत असेल, तर फोनवर विचारू नका. जाऊन ताटात बघा.