मैलापाण्याच्या विहिरीतली शिडी

मी एक जुनी लोखंडी शिडी आहे. मित्रांनो, तुम्ही जिच्यावरून माळ्यावर चढता ती माझी भाग्यवान बहीण. माझा जन्म मात्र खाली उतरण्यासाठी झाला. शहराबाहेरच्या शुद्धीकरण केंद्रात एक खोल विहीर आहे. साऱ्या शहराचे मैलापाणी तिथे जमते, पंप ते वर उचलतो, पुढच्या टाक्यांत ते स्वच्छ होते आणि पाटाने शेतांना जाते. लोहाराने मला ठोकून घडवले, डांबर फासले आणि त्या विहिरीच्या भिंतीत कायमचे जखडून टाकले.

आमच्या भागात पाऊस नावापुरता पडतो. शहराने आंघोळ केली की आपला मका वाढतो, असे पंपवाला चेष्टेने म्हणे. मका त्याच्या धाकट्या भावाचा. कुंपणापलीकडची दोघांची जमीन धाकटाच कसत असे. पंपवाला माझ्यावरून उतरताना मला "म्हातारी अजून खमकी आहे" म्हणायचा. ते कौतुक मला फार आवडे.

उतरण्याआधी झाकण उघडून सगळे वाट बघत. नाकाला झोंबले की थांबायचे, वास गेला की उतरायचे, अशी त्यांची रीत होती. जुन्यांनी नव्यांना हीच शिकवली होती. पण तळाचा वायू लबाड आहे. तो फार साचला की आधी नाकच बधिर करतो. विहिरीत ताजी हवा सोडणारा पंखा होता, पण तो बिघडून कोठीत धूळ खात पडला होता.

एका उन्हाळ्यात चिंधी अडकून पंप बंद पडला. पाट आटला, मक्याने माना टाकल्या. धाकटा सकाळपासून विहिरीपाशी येऊन बसला होता. त्याचा उतरलेला चेहरा थोरल्याला बघवेना. झाकण उघडले. भपकन वास आला आणि थोड्याच वेळात नाहीसा झाला.

"दादा, वास गेला का रे?"

"गेला बघ. चल, तुझ्या मक्याला पाणी पाजून टाकू."

थोरला उतरत अर्ध्यावर आला आणि त्याचे हात माझ्यावरून सुटले. मित्रांनो, शिडीला कोणी धरू शकते, शिडीला कोणाला धरता येत नाही. धाकटा मागोमाग उतरणार, तोच केंद्रात बागकाम करणाऱ्या माळ्याने त्याच्या कमरेला मिठी घालून त्याला मागे ओढले. तो दादाला हाका मारत राहिला.

नंतर पंखा दुरुस्त झाला, पाट पुन्हा वाहू लागला. धाकट्याला भावाच्या जागी कामावर घेतले. पण पंप थांबून विहीर शांत झाली, की माझ्या तळच्या पायरीवर वजन पडते. मग तिच्या वरच्या. ते वजन मी ओळखते. अर्ध्यावर येऊन ते नाहीसे होते आणि पुन्हा तळापासून सुरू होते. भीतीने माझे खिळे थरथरतात. धाकटा वरच्या पायरीवर हात ठेवतो, तेव्हा ती थरथर त्यालाही कळते.

"ये ना, दादा," तो हळूच म्हणतो. "पाणी सोडलंय शेताला."

मग तो झाकण लावतो.

मित्रांनो, मला रंग द्या, माझा गंज खरवडा, असे मी म्हणणार नाही. पंखा चालू नसेल, वर दोर धरणारे कोणी नसेल, तर कोणालाही माझ्यावर पाऊल ठेवू देऊ नका. वास येत नाही, हे कारण ऐकून घेऊ नका. ज्याला वर येता आले नाही तो अजून चढतोच आहे, आणि माझ्या पायऱ्या त्याला पुरत नाहीत.