बर्फावरची काठी भीमेकाठी

मित्रांनो, मी गळाची एक आखूड काठी आहे. लांबी जेमतेम हातभर आणि मुठीपाशी बसवलेलं छोटं रीळ. शिरूर तालुक्यातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. थंड देशांत हिवाळ्यात तळी गोठतात, तेव्हा तिथली माणसं बर्फाला भोक पाडून मासे धरतात. भोक पायाशीच असतं, म्हणून काठी आखूड. मासे लहान, म्हणून गळाचा नायलॉनचा दोरा, म्हणजे तंगूस, केसासारखा बारीक. मी त्या कामासाठी होते. पण माझा रंग एका जागी उडालेला निघाला आणि तपासणीत मला बाजूला काढलं.

तपासणीला समृद्धी होती. मांडवगण फराट्याची, चोवीस वर्षांची. तिचे वडील तात्याबा यांनी उभा जन्म भीमेत मासे धरले होते. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. डावा हात लुळा पडला, ते पाय ओढत चालू लागले. जाळं फेकता येईना, बांबूची काठी पेलवेना. ते दिवसभर ओट्यावर बसायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत.

सुपरवायझरला विचारून समृद्धीने नाकारलेल्या काठ्यांचं खोकं उघडलं. डावा हात पाठीमागे धरून तिने एकेक काठी उजव्या हाताने उचलून पाहिली. लांब होत्या त्या परत ठेवल्या, जड होत्या त्याही परत ठेवल्या. मग मी हाती आले. मला गुडघ्यांत दाबून तिने रीळ एका हाताने फिरवून बघितलं. ते सहज फिरलं.

"आबा, ही धरून बघा," घरी आल्यावर ती म्हणाली.

"एवढीशी? हिनं काय मासा निघायचाय?"

"एका हातात मावती. धरा तर."

त्यांनी मला धरलं. दुसऱ्या दिवशी तीन चिलापी मिळाल्या. तिची आई रंगुबाई यांनी त्या तळल्या, आणि जेवताना तात्याबा किती दिवसांनी नदीविषयी बोलत राहिले.

मी आखूड, त्यामुळे त्यांना अगदी पाण्याला लागून, शेवाळलेल्या पायरीवर बसावं लागे. शेजारचा गोकुळ होडीतून जाळी लावायचा. तो म्हणाला, "मामा, वर सरका. पाय घसरंल."

"वर बसलो तर गळ पाण्यात पोचत न्हाई, गोकुळ."

दोनदा मोठा मासा तंगूस तोडून गेला. तात्याबा पुन्हा गप्प झाले. समृद्धीने ते पाहिलं आणि दौंडच्या बाजारातून जाड, न तुटणारा तंगूस आणला. माझ्या रिळावर तिनेच गुंडाळला. मी हातातून निसटू नये म्हणून मुठीला दोरीचा फास करून तो त्यांच्या मनगटात घातला.

आठवड्याने, सकाळी, मोठा कटला मासा गळाला लागला. मी कमानीसारखी वाकले. बारीक तंगूस असता तर तेव्हाच तुटला असता. हा तुटला नाही, मीही मोडले नाही. तात्याबा उठायला गेले आणि माशाच्या ओढीने पायरीवरून सरळ खोल पाण्यात गेले. त्यांनी मला सोडलं होतं, मित्रांनो, पण फास सुटला नाही. गोकुळ होडी वल्हवत आला तेव्हा उशीर झाला होता.

दहाव्यानंतर समृद्धी मला मोडायला निघाली. रंगुबाईंनी मला तिच्या हातातून काढून घेतलं.

"मीच निवडली, आई. तंगूस बी मीच आणला."

रंगुबाईंनी मला भिंतीला टेकवून ठेवलं. मग म्हणाल्या, "व्हय. तूच आणलास. आन् ते बोलाया लागले व्हते, ते बी तुझ्यामुळंच."

समृद्धी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. त्या काही तिला उगी राहा म्हणाल्या नाहीत.

आता मी गोठ्याच्या आढ्याला आहे. रीळ गंजून घट्ट बसलं आहे. मित्रांनो, कुणासाठी मायेने एखादी वस्तू निवडाल, तेव्हा त्याचा हात बघाच. पण तो हात कुठल्या पाण्याशी बसणार आहे, तेही एकदा तिथे जाऊन बघून या. समृद्धी रोज सकाळी कारखान्याच्या बसने कामाला जात होती. मला घरी आणल्यापासून नदीवर ती एकदाही आली नव्हती.