शेवटचे तीन फेरे

मित्रांनो, मी एक जुनी चावी आहे. चावी म्हटल्यावर तुमचा हात खिशाकडे गेला असेल, तर आधी तो बाहेर काढा. मी खिशात मावत नाही. तुमच्यातल्या उंच मुलाच्या खांद्याला लागेन एवढी माझी उंची आहे. वर धरायला आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड आणि मध्ये सरळसोट लोखंडी दांडा. रस्त्यातले झाकण उचलायचे, मला खड्ड्यात सोडायचे, तळाशी असलेल्या पाण्याच्या व्हॉल्व्हवर माझे तोंड बसवायचे आणि मूठ दोन्ही हातांनी फिरवायची. कोणत्या गल्लीत पाणी जाईल आणि कोणत्या गल्लीचे थांबेल, ते त्यावर ठरते. कुलपे उघडणाऱ्या चाव्या एकेक घर सांभाळतात. मी सगळ्या शहराच्या कळश्या भरते, तेव्हा थोडी ऐट मला शोभते.

नगरपालिकेच्या वर्कशॉपमधल्या लोहाराने मला एका मोडक्या ट्रकच्या आसापासून घडवले. घडवून झाल्यावर त्याने मला तीन वेळा फरशीवर आपटले. मी वाकले नाही, फरशी मात्र फुटली. "ही तुझ्या-माझ्या मागे राहील," असे तो म्हणाला आणि त्याने मला एका काटक माणसाच्या हातात दिले. तो माणूस पुढे सव्वीस वर्षे माझा धनी होता.

त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता. पण व्हॉल्व्ह फिरवताना ते फेरे मोठ्याने मोजत, म्हणून हे नाव पडले. प्रत्येक व्हॉल्व्हचे फेरे वेगळे असतात. बाजाराच्या व्हॉल्व्हला सतरा, शाळेच्या गल्लीच्या व्हॉल्व्हला चौदा आणि मोठ्या रस्त्याच्या व्हॉल्व्हला बावीस. मास्तरांना ते सगळे तोंडपाठ होते. दुसरी एक सवय त्यांना होती. फेरे संपले की माझ्या मुठीला कान लावून ते डोळे मिटत. पाणी कुठे धावते आहे, कुठे अडते आहे, कुठे गळते आहे, हे माझ्या दांड्यातून त्यांना ऐकू येई. लोकांना वाटे, म्हातारा उभ्या उभ्या डुलकी काढतोय.

माझे कौतुकही झाले आहे. एकदा मुख्य वाहिनी फुटून बाजारात गुडघाभर पाणी साचले, तेव्हा आम्ही दोघांनी ते थांबवले होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात पाणीखात्याचे साहेब पूर्ण दिसत होते, मास्तरांचा कोपर दिसत होता आणि माझी मूठ दिसत होती. असो.

आता त्या पुस्तकाविषयी सांगते. आमची नगरपालिका दर वर्षाच्या शेवटी एक गुळगुळीत कागदाचे पुस्तक काढते. वर्षभरात किती रस्ते झाले, किती झाडे लावली, नवे वाचनालय कुठे उघडले, कोणत्या वस्तीत नळ आले, ते सगळे त्यात असते. त्यातले बरेचसे खरे असते, हे मी शपथेवर सांगेन. वाचनालय खरोखर झाले. बागही झाली. पण त्या पुस्तकात 'पूर्ण' असा एक रकाना आहे आणि मला भीती वाटते ती त्या रकान्याची. एकदा तिथे नोंद झाली की ते काम पुढच्या वर्षीच्या यादीतून निघून जाते. मग त्या कामाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

ही भीती मला उगाच वाटत नाही. वीटभट्टीमागच्या वस्तीत नळाचे उद्घाटन होते, तेव्हा तिथे पाणी चढेना. साहेबांनी सांगितले म्हणून मास्तरांनी आजूबाजूचे व्हॉल्व्ह तासभर बंद केले. सगळे पाणी त्या एका नळाला धावले. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला आणि पुस्तकात 'पूर्ण' छापून आले. तासाभराने आम्ही व्हॉल्व्ह उघडले आणि त्या नळाचे पाणी गेले, ते आजतागायत गेलेलेच आहे. वस्तीतली माणसे तक्रार घेऊन आली की कचेरीत त्यांना पुस्तक दाखवत. "तुमच्याकडे पाणी आहे. पान बत्तीस बघा." तो व्हॉल्व्ह मीच फिरवला होता, मित्रांनो. लोखंडाला लाज वाटते का, असे विचाराल तर वाटते.

या गोष्टीला सात वर्षे झाली आणि टेकडीची पाळी आली.

टेकडीवर जायला दोनशे बारा पायऱ्या आहेत. पायथ्याशी एक टाकी आहे. वरच्या बायका तिथून पाणी भरून डोक्यावरून नेत. मास्तरांची थोरली बहीण तिथेच राहायची. मास्तर तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते. त्या वर्षी टेकडीवर पाइप घातले, चौकात नळ बसवला. पण पाणी वर ढकलायला पंप लागतो आणि तो आलाच नव्हता.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी साहेब आमच्या शेडमध्ये आले.

"मास्तर, अकराला नगराध्यक्षबाई येणार आहेत. साडेदहाला बाजार, शाळेची गल्ली आणि मोठा रस्ता, तिन्ही बंद करा. तासभरच. त्या लोकांच्या गच्चीवर टाक्या आहेत, कुणाला कळणारसुद्धा नाही."

"आणि पंप, साहेब?"

"पंपाचं पुढच्या वर्षी बघू."

"पूर्ण झालेल्या कामाला पंप कोण देतं?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मान खाली घातली. "पुस्तक छापून आलंय हो. सगळ्या वस्त्यांना नळ, शंभर टक्के, असं वरच लिहिलंय. आता मी काय करू, सांगा."

मास्तर मला खांद्यावर टाकून टेकडी चढले. ताईने दारात तीन पिंपे घासूनपुसून मांडली होती. तिचे गुडघे सुजलेले होते, तरी चेहरा लग्नघरातल्या आईसारखा फुलला होता.

"बघ, तिन्ही भरणार मी आज! चहा घेणार का? आज पाणी मोजून टाकायचं नाही."

मास्तरांनी चहा घेतला. दोनदा त्यांचे तोंड उघडले आणि दोनदा मिटले. मी मनात म्हटले, सांगून टाका एकदाचे. पण त्या फुललेल्या चेहऱ्याला ते कसे सांगणार?

साडेदहाला आम्ही बाजाराचा व्हॉल्व्ह गाठला. मास्तरांनी सतरा फेरे मोजले आणि बाजार बंद झाला. मग शाळेच्या गल्लीत चौदा फेरे. तीही बंद झाली. तिसरा, मोठ्या रस्त्याचा व्हॉल्व्ह टेकडीच्या पायथ्याशी होता. तिथून वर पाहिले की चौकातला मांडव दिसत होता आणि गर्दीही दिसत होती.

व्हॉल्व्हची खरी ताकद शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत असते. तोवर पाणी कुठूनतरी वाट काढत राहते. मास्तरांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक येत होता. पंधरा. सोळा. सतरा. माझ्या दांड्यात पाणी थरथरू लागले होते. अठरा. एकोणीस.

एकोणीसवर ते थांबले आणि त्यांनी मुठीला कान लावला. टेकडीच्या पाइपात पाणी चढत होते, अर्ध्यावर जाऊन धापा टाकत होते आणि परत खाली येत होते. अजून तीन फेरे दिले असते, तर ते वर पोहोचले असते. मला ते कळत होते आणि मास्तरांनाही कळत होते.

फोन वाजला. "मास्तर, नुसती हवा येतेय! बाई नळापाशी उभ्या आहेत. उरका!"

मास्तरांनी फोन खिशात टाकला. मूठ घट्ट धरली. मग त्यांनी मला उलटे फिरवले. अठरा, सतरा, सोळा, असे उतरत मोजत त्यांनी मोठा रस्ता पूर्ण उघडला. तिथून जवळजवळ धावत जाऊन गल्ली उघडली, बाजार उघडला. फोन वाजतच होता. मग मला खांद्यावर घेऊन ते दोनशे बारा पायऱ्या चढू लागले. पन्नास पायऱ्यांवर त्यांना धाप लागली, पण ते थांबले नाहीत.

वर चौकात नळ फुसफुसत होता. नगराध्यक्षबाईंचा ओला तळहात तसाच पुढे धरलेला होता. त्यावर चार थेंब पडले होते.

"व्हॉल्व्ह जाम झाला ना, मास्तर?" साहेबांनी विचारले.

त्यांनी मास्तरांना सुटायला वाट करून दिली होती. हो म्हटले असते, तर आठवड्याने पुन्हा मांडव पडला असता, पुन्हा फेरे मोजले गेले असते. नोकरीही सलामत राहिली असती.

"जाम नाही," मास्तर म्हणाले. "मीच बंद केला नाही. बाकीच्यांचं पाणी तोडलं की इथे तासभर येतं. मग पुस्तकात पूर्ण म्हणून लिहितात आणि पंप कायमचा राहतो. वीटभट्टीला मी हेच केलं होतं. पुन्हा नाही करणार."

गर्दीत कुजबुज झाली. सगळ्यात आधी ताई पुढे आली. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि रागही.

"तासभर तरी आलं असतं ना रे! तीन पिंपं भरली असती माझी! सख्ख्या बहिणीच्या वेळेलाच तुला खरं बोलायचं सुचलं?"

मास्तरांनी मला जमिनीवर टेकवले आणि माझ्या आधाराने ते उभे राहिले. त्यांचे सगळे वजन माझ्यावर आले होते.

नगराध्यक्षबाईंनी टेबलावरचे पुस्तक उघडले. टेकडीच्या नावापुढे 'पूर्ण' छापलेले होते. मग त्यांनी पेन काढले आणि ताईला विचारले, "आजी, आत्ता व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलं तर तुमची पिंपं भरतील. हे खोडलं तर आज पाणी नाही, आणि पंप कधी येईल, तेही मी आज सांगू शकत नाही. इथे पाणी तुम्ही भरता. तुम्हीच सांगा."

ताईने दारातल्या पिंपांकडे पाहिले. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिले. मास्तरांकडे तिने पाहिलेच नाही.

"खोडा," ती म्हणाली.

मग तिने दोन कळश्या उचलल्या आणि ती पायऱ्या उतरू लागली. एकेक करून बाकीच्या बायकाही तिच्यामागे गेल्या.

मास्तरांची बदली भांडारात झाली. तिथे पाइपाचे तुकडे आणि गंजके नट मोजायचे, एवढेच काम होते. मला त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगले. नवीन माणसाकडे नवी हलकी चावी आली होती. माझ्या मुठीवर कोळ्याने जाळे विणले. पण खरे दुःख ते नव्हते. ताई मास्तरांशी बोलत नव्हती. ते दर रविवारी टेकडीवर जायचे. ती चहा समोर ठेवायची आणि आत निघून जायची. सोमवारी कामावर येताना ते इतके गप्प असत की मी खिळ्यावरून ओळखायची, आजही ती बोलली नाही.

पंप यायला चौदा महिने लागले. त्या दिवशी मांडव नव्हता. मास्तरांना वाटले, आज तरी ताईचा निरोप येईल. आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानेही नाही. मास्तर भांडाराच्या दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे पाहत बसायचे.

एकतिसाव्या दिवशी दुपारी ताई भांडारात आली. आल्या आल्या तिने पदराने खुर्ची पुसली आणि ती धपकन बसली.

"महिना झाला," ती म्हणाली. "रोज येतंय. तीसच्या तीस दिवस मोजलेत मी. आता सांग तुझ्या साहेबाला, पूर्ण म्हणून लिही म्हणावं."

मास्तरांनी मान हलवली.

मित्रांनो, तुमच्याही शहराचे असे पुस्तक निघत असेल. ते जरूर वाचा, कारण त्यात पुष्कळ माणसांचे कष्ट असतात. वाचून झाले की त्यातले कोणतेही एक पान निवडा, मोठ्या कुणाला तरी बरोबर घ्या, त्या वस्तीत जा आणि तिथला नळ सोडून बघा. पाणी आले, तर घोटभर प्या आणि नळ घट्ट बंद करा. नाही आले, तर परत येऊन तसे सांगा.