खुर्चीच्या खणातली तीन पाकिटं

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, केस कापायच्या दुकानातली. माझा एक हात डुगडुगतो, मान एकदा मागे गेली की लवकर पुढे येत नाही. आज अकरा दिवस झाले, माझ्यावर कोणी बसलेलं नाही. दाराला सरकारी सील आहे.

मी नवी आले तेव्हा माझं लाल रेक्झिन बघायला अख्खी गल्ली लोटली होती. मालकांनी पहिल्यांदा बसवलं ते आपल्या लेकीला. ठकू तेव्हा तीन वर्षांची. माझ्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकून तिला वर बसवायचे. "हलू नकोस गं, कान जाईल!" असं मालक ओरडायचे आणि ती मुद्दाम हलायची. मला तेव्हा फार मिजास चढली होती, हे कबूल करते.

पुढे नवराबायकोचं बिनसलं आणि ठकू आईबरोबर गेली. कोर्टाने मुलीसाठी दरमहा पोटगी ठरवली. मालकांनी तो हुकूम माझ्यावर बसूनच वाचला, डोळे पुसत पुसत. नऊ वर्षं त्यांनी एकही महिना चुकवला नाही. मला छाती नाही, तरी हे छातीठोकपणे सांगते. रविवारी ठकू केस कापायला यायची. फळीची गरज कधी संपली ते कळलंच नाही.

मग समोर गारेगार काचेचं सलून उघडलं आणि आमची गिऱ्हाइकं आटली. त्याच सुमारास ठकूला अठरा वर्षं पूर्ण झाली. "सुटलो बाबा! आता देणं संपलं," असं मालक स्वतःशीच म्हणाले आणि पैसे पाठवायचे थांबले. कोणाला विचारलं नाही. रिकाम्या हाताने लेकीला काय तोंड दाखवायचं, म्हणून रविवारी दुकानही बंद ठेवू लागले.

कोर्टाची पाकिटं आली. एक, दोन, तीन. "बघू नंतर," असं म्हणत मालकांनी ती माझ्या बैठकीखालच्या खणात कोंबली, जुन्या कंगव्यांबरोबर.

एकदा कोर्टातले निवृत्त कारकून दाढीला बसले होते. बोलता बोलता विषय निघाला.

"अहो, पोटगी अशी आपोआप बंद होत नसते," ते म्हणाले. "कमी करायची असो, संपवायची असो, अर्ज करावा लागतो. तोवर थकबाकी चढतच राहते. काही पत्रंबित्रं आली का?"

मालकांचा वस्तरा अर्ध्या गालावर थांबला. त्यांनी खण उघडला.

पहिल्या पाकिटात लिहिलं होतं: हुकूम मुलीचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत लागू आहे, परवडत नसेल तर महिन्याभरात अर्ज करा, रक्कम कमी होऊ शकेल. ते पाकीट आठ महिन्यांपूर्वीचं होतं. दुसऱ्यात थकबाकी भरायची ताकीद होती. तिसऱ्यात दुकानाचा परवाना रद्द केल्याचं, आणि थकबाकी न भरल्यास महिनाभर तुरुंग. परवाना नाही तर धंदा नाही, आणि धंदा नाही तर पैसे आणायचे कुठून? कारकून अर्धी दाढी घेऊन उठले आणि त्यांच्या जागी मालक मटकन माझ्यावर बसले. त्याच संध्याकाळी दाराला सील लागलं.

काल ठकू आली. मालक बाहेर पायरीवर बसून होते. दाराच्या फटीतून मला सगळं ऐकू आलं.

"तुझ्या आईने तक्रार केली ना?"

"आईने नाही, मी केली. नर्सिंगची फी भरता आली नाही बाबा. माझं नाव काढून टाकलं कॉलेजने."

"अगं, मला वाटलं, अठरा झाली की..."

"विचारायचं तरी! मी दोन रविवार येऊन गेले. कुलूप होतं."

मालक गुडघ्यात डोकं घालून हमसून हमसून रडले. ठकूने काचेतून मला बघितलं, कोपऱ्यातली फळीही बघितली. उद्या कोर्टाची तारीख आहे. ती येईल की नाही, ते बोलली नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, नवं रेक्झिन नको. एवढंच करा, आलेलं पाकीट कोणालाही माझ्या पोटात असं दडवू देऊ नका. त्याच दिवशी फोडा. रडत वाचा, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.