घाईत तपासलेला आरसा

मी आरसा बोलतोय. पण माझ्यात बघून कुणी भांग पाडत नाही. मी दुर्बिणीच्या तळाशी बसून आकाश पाहतो.

कट्टा गावच्या गुरुदास मास्तरांनी मला हाताने घडवलं. पडवीत पिंप उभं करून त्यावर जाड काच ठेवली आणि ओली पूड घालून दुसऱ्या काचेने घासत ते पिंपाभोवती फिरत राहिले. तीन महिने. घासताना काच तापते. ती पुरती निवल्यावरच तिचा खोलगट बाक तपासायचा असतो. पण चतुर्थी दोन दिवसांवर आली होती. "मुंबयची माणसां इली की काय दाखवू? पिंप?" असं बायकोला, शेवंतीला, म्हणत त्यांनी मला गरम असतानाच तपासलं आणि पास केलं.

निवल्यावर माझा बाक बिघडला, कड खाली उतरली. तेव्हापासून माझ्यात चंद्र पिंजलेला दिसतो.

"चंद्राक मोतीबिंदू झालो काय हो?" शेवंतीने विचारलं. मास्तर हसले. मला पुन्हा घासायचं ते पंधरा वर्षं पुढे ढकलत राहिले. गेल्या वर्षी ते गेले.

मीही दमलोय. खाऱ्या हवेने काचेवरचा चकचकीत मुलामा काळवंडलाय. गावातल्या शाळेने मला मागितलं, पण आरसा नव्याने घासून द्या, म्हणाले. शेवंतीने दुर्बिणीच्या पेटीचं झाकण लावलं. "त्येंच्या हाताचा काम पुसून जायत. ता नको."

मग कणकवलीला शिकवणारी लेक, अपेक्षा, कॅमेरा आणि लॅपटॉप घेऊन आली. दिवेलागणीला तिने माझ्यातून आधी एक तारा टिपला, मग चंद्र. तारा खरं तर टिंबच. तो माझ्यात जसा फुगतो, तशी माझी चूक. सॉफ्टवेअरने ती मोजली आणि चंद्राच्या फोटोतून वजा केली. चंद्रावरचे बारके खड्डेही उमटले. जो प्रकाश मी आणलाच नाही, तो मात्र सॉफ्टवेअरलाही आणता आला नाही.

"बघ गो आये, आता घासूची गरज नाय. शाळेत असोच कॅमेरो लावया."

"बरो दिसता. आणि त्येंची चूक खंय गेली?"

अपेक्षाने फुगलेला तारा उघडला. मध्ये ठिपका, भोवती लोकरीसारखं वलय.

शेवंतीने त्या फुगलेल्या ताऱ्यावर बोट टेकवलं. "चंद्र शाळेक दी," ती म्हणाली. "ह्यो माका छापून दी."

उद्या मला शाळेत नेतील. मुलांनो, मुलामा उडाला तर नवा चढवा. काच मात्र घासू नका.